ब्रेकवर कुणाचा पाय?

एकाच्या हातून प्रमाद घडावा आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याने निमूटपणे घ्यावे, यासारखी दुःखद गोष्ट नाही. त्यातही ज्याच्यावर दोष आला त्यालाच तो खरा वाटू लागला, तर त्याची बाजू मांडायची कोणी? त्या सुट्टीत हे काम तिघा भावंडांच्या वाट्याला आले.

"शनिवारी सकाळी अकरा वाजता माणूस गाडी न्यायला येतोय," मामाने गुरुवारी जेवताना जाहीर केले.

तीन घास तीन हातांत थांबले.

"आपली गाडी? विकणार?" ताई ओरडलीच. ती तेरा वर्षांची, तिघांत थोरली.

"मग काय करू? गेल्या आठवड्यात चौकात चाकातून धूर निघाला! लोक बादल्या घेऊन धावले. मिस्त्रीने गाडी बघितली, म्हणाला यंत्रात काही दोष नाही. आजोबांचा पाय ब्रेकवर टेकून राहतो. वय झालं की होतं असं, कळत नाही माणसाला."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिले. बत्तीस वर्षे त्यांनी रुग्णवाहिका चालवली होती. त्यांच्या गाडीत निजलेल्या रुग्णाला खड्डा जाणवत नसे, असे लोक सांगत. आता त्यांनी खिशातून किल्ली काढली, मामाच्या ताटाशेजारी ठेवली आणि हात धुवायला ते उठले. भात तसाच राहिला.

दुपारी शेंडेफळ त्यांना शोधत मागच्या पडवीत गेली. ती दहा वर्षांची, सर्वांत धाकटी. आजोबा स्टुलावर डोळे मिटून बसले होते. उजवा पाय अनवाणी होता, आणि त्याची बोटे ते फरशीवर दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

"काय करताय आजोबा?"

"बघतोय, कळतं का मला. ये, मदत कर. माझ्या बोटांखाली काहीतरी ठेव. मी ओळखतो."

तिने पेन्सिल ठेवली. "पेन्सिल," आजोबा म्हणाले. तिने खोडरबर ठेवले. "रबर." मग तिने काहीच ठेवले नाही, नुसतेच "आता?" विचारले. "आता काही नाही."

"तिन्ही बरोबर! पैकीच्या पैकी!"

पण आजोबांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. "इथे कळतं गं. गाडीत मात्र कळलं नाही. जे कळत नाही, ते कळत नाही हे तरी माणसाला कसं कळावं?"

शेंडेफळ तशीच धावत गच्चीवर गेली आणि दोघांना हे सांगता सांगता रडू लागली. ताईने तिचे डोळे पुसले. प्रोफेसर मात्र भिंतीकडे टक लावून पाहत होता. बारा वर्षांचा, जाड चष्म्याचा आणि प्रत्येक वाक्याला शंका काढणारा. म्हणूनच घरात त्याचे हे नाव पडले होते.

"ब्रेकचं पायडल किती?" त्याने विचारले.

"एक. हा काय प्रश्न झाला?"

"आणि ते दाबलं की किती चाकांना ब्रेक लागतो?"

"चारही."

"मग आजोबांचा पाय टेकून राहत असेल, तर पुढची दोन्ही चाकं सारखी तापायला हवीत. चौकात धूर कुठल्या चाकातून निघाला?"

"डाव्या! फक्त डाव्या!" ताई ताडकन उठली. "आणि गाडी डावीकडेच ओढते, असं आजोबा दोन महिने सांगताहेत!"

संध्याकाळी मामा कचेरीतून गाडी घेऊन आला, तेव्हा तिघे पाण्याची बाटली घेऊन फाटकात हजर! "चाकाला हात कुणी लावायचा नाही," ताईने बजावले. प्रोफेसरने उजव्या चाकाच्या मधोमध चार थेंब टाकले. ते तिथेच चकाकत राहिले. डाव्या चाकावर थेंब पडताच 'चर्र' झाले आणि ते नाहीसे झाले. त्या चाकावर काळी भुकटीही दाट बसली होती.

"मामा, बघ! आज तर आजोबा गाडीत नव्हतेच! तू चालवलीस!"

मामाने कपाळावरचा घाम पुसला. "दिवसभर ती बाजू उन्हात होती. आणि दोन महिने त्यांनी दाबून दाबून ब्रेक खराब केलाय, त्याला आता मी काय करू? व्हा बाजूला."

ते आजोबांकडे गेले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्या मायेपोटी तुम्हाला असं दिसतंय, बाळांनो. उद्या माझ्या गाडीखाली कुणी आलं तर? नको. मला मोकळं होऊ द्या."

त्या रात्री तिघांपैकी कुणीही आजोबांना गोष्ट सांगा म्हटले नाही.

शुक्रवारी डिकी रिकामी करायचे काम मुलांवर आले. आजोबांची घडी घातलेली घोंगडी, प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च अशा एकेक वस्तू बाहेर निघाल्या. ताईला तर घर रिकामे केल्यासारखे वाटले. तळाशी एक खोके सापडले. त्यावर ब्रेक पॅडचे चित्र होते.

"दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रीकाकांनी नवे पॅड बसवले, त्याचं खोकं," ताई म्हणाली. "टाक कचऱ्यात."

"थांब!" प्रोफेसरने खोके हलवले. आत काहीतरी खुळखुळले. एक पारदर्शक पुडी निघाली. तिच्यात चार लहान रबरी टोप्या आणि ग्रीसची इवलीशी पिशवी होती. पुडी फोडलेलीच नव्हती!

"पॅडबरोबर हे दिलंय, म्हणजे ते कुठेतरी बसवायचं असणार," तो हळूच म्हणाला. "मग बसवलं का नाही?"

शनिवारी, गिऱ्हाईक यायच्या आधी मिस्त्रीला गाडी एकदा दाखवावी म्हणून मामा निघाला. कागदांवर सही आजोबांची लागणार होती. गॅरेजमध्येच सही करून मोकळे होता येईल, असे ताईने सुचवले, म्हणून आजोबाही आले. आयुष्यात प्रथमच ते आपल्या गाडीत मागे बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, परक्याच्या वाहनात बसावे तसे.

शेंडेफळ मामाच्या शेजारी बसली. वाटेभर तिने त्याच्या पायावरची नजर हलवली नाही.

"माझ्या बुटाला काय सोनं लागलंय?" मामा वैतागला.

"तुझा पाय ब्रेकवर नाहीये. तरी गाडी डावीकडे ओढतेय. स्टिअरिंग किती घट्ट धरलंयस!"

"गाडीला आजोबांची सवय लागलीय," मामा पुटपुटला. पण त्याचा आवाज पूर्वीसारखा ठाम नव्हता. नाकाशी जळका वास आला होता.

गॅरेजात चार गिऱ्हाइके बसली होती. मिस्त्री मनाने वाईट नव्हता. पण लोकांसमोर एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, ही त्याची जुनी खोड. ताईने नेमके तेच हेरून ठेवले होते.

"मिस्त्रीकाका," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पायडलवर पायच नसला, तर चाकं मोकळी फिरतील ना?"

"अगदी भिंगरीसारखी!"

"नक्की?"

"अगं, वीस वर्षं हेच करतोय मी!"

"मग फिरवून दाखवा ना. आजोबांची खात्री पटली की ते सही करतील."

गिऱ्हाइके हसली. आता मिस्त्रीला मागे हटता येईना. त्याने मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि जॅकने पुढची बाजू उचलली. चालकाची जागा रिकामी होती. उजव्या चाकाला त्याने नुसता हात लावला आणि ते गरगरले.

"बघा! म्हटलं नव्हतं!"

"आता डावं. कापड घेऊन धरा हं, तापलंय," प्रोफेसर म्हणाला.

मिस्त्रीने एका हाताने चाक ओढले. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून ओढले. चाक वीतभर सरकले, करकरले आणि थांबले.

गॅरेजात कुणी हसले नाही.

"गाडीत कुणीच नाहीये," शेंडेफळ म्हणाली. "मग ब्रेकवर कुणाचा पाय आहे?"

मिस्त्री खाली बसला. चाक उतरवले. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर समोर आला. त्याने पॅड बाहेर काढले: आतला झिजून पापुद्र्याएवढा उरलेला, बाहेरचा जवळपास नवा. कॅलिपरमधला दट्ट्या दाबून पाहिला, तर तो सहज मागे गेला. "इथं ठीक आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. मग ज्या दोन पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो, त्या त्याने हलवून पाहिल्या. एक हलली. दुसरी हलेना! गंज सोडवणारे तेल मारले, हातोडीने ठोकले, पान्याने पिळले, तेव्हा कुठे ती कुरकुरत निघाली. तिच्यावर विटकरी गंज चढला होता. तिच्या तोंडावरची रबरी टोपी फाटलेली होती.

"इथून पाणी शिरलं," तो म्हणाला. "ब्रेक सोडला तरी कॅलिपर सरकत नव्हता. धरूनच बसत होता. पण तपासताना मी गल्लीत फेरी मारली, तेव्हा गाडी थंड होती. मला..."

प्रोफेसरने ती न फोडलेली पुडी पुढे केली. "काका, हे त्याचंच का?"

मिस्त्रीने पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "त्या दिवशी सहा गाड्या रांगेत होत्या. म्हटलं, जुन्या टोप्या चालतील." तो उठला, काळे हात जोडून आजोबांसमोर उभा राहिला, तेही त्या चार गिऱ्हाइकांच्या देखत. "काका, तुमचा पाय नाही, माझा हात चुकला."

आजोबा खाली पाहत होते, आपल्या उजव्या बुटाकडे. त्या एका वाक्याने आठवडाभराचे काहूर ओसरणार नव्हते, हे मुलांनाही दिसत होते. मामा त्यांच्याजवळ गेला. "बाबा, मी तुम्हाला एकदा विचारायला तरी हवं होतं."

मिस्त्रीने पिन नवी घातली, टोप्या बसवल्या, पुडीतले ग्रीस लावले आणि दोन्ही चाकांचे पॅड बदलले. तापून निळसर पडलेली तबकडीही तपासली. मग शेंडेफळाला बोलावले. "आता तू फिरव." तिच्या हाताच्या एका धक्क्यासरशी डावे चाक फिरू लागले.

मामाने गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितले आणि किल्ली आजोबांपुढे धरली. आजोबांनी ती लगेच घेतली नाही.

"मी शेजारी बसते," शेंडेफळ म्हणाली. "तुमच्या पायाकडे बघत. टेकला तर लगेच सांगते!"

तेव्हा आजोबा हसले, त्या सुट्टीत पहिल्यांदाच. घरी पोचल्यावर प्रोफेसरने दोन्ही चाकांवर पाणी टाकले. थेंब दोन्हीकडे तसेच राहिले. आजोबा वाकून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"पोरांनो, मी स्वतःवरचा विश्वास सोडला, तेव्हा तुम्ही तो सांभाळून ठेवलात," ते म्हणाले. मामाने तिघांच्या पाठीवर हात फिरवला.

ज्यांनी शोधले, त्यांची बुद्धी अशीच दयाळू राहो. ज्याने चारचौघांत आपली चूक कबूल केली, त्याच्या हाताला यश येवो. आणि ज्याने उगाच दोष सोसला, त्याची वाट निर्धोक असो.