एवारिस्तोआजोबांचे कान

“खिडकी धर, सिरो! आदळली तर सगळा क्लब उठेल!”

“धरलीय गं! आधी माझ्या डोक्यावरचा पाय काढ!”

दुपारचे अडीच वाजले होते. अर्जेंटिनात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; सगळं रोसारियो शहर दारं लावून घोरत होतं. अशा वेळी वस्तीतल्या क्लबच्या अडगळीच्या खोलीत तीन मुलं उतरली: तेरा वर्षांची लुदमिला, तिची मैत्रीण होआकिना आणि दहा वर्षांचा चुलतभाऊ सिरो. एरवी सुट्टीतली असली मोहीम म्हणजे लुदमिलाला पर्वणीच. आज मात्र तिला मजा वाटत नव्हती, कारण सगळा घोळ तिचाच होता.

कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एवारिस्तोआजोबांनी तरुणपणी व्हिडिओ गेमच्या यंत्रावर एक धून बनवली होती. नुसती टींव टींव, पण अशी नाचरी की पाय थांबू नयेत! ती आता एकाच कॅसेटवर उरली होती. क्लबच्या पंचाहत्तरीला ती वाजवायचं ठरलं, तेव्हा लुदमिला ऐटीत म्हणाली होती, “आजोबा, मी कॉम्प्युटरवर घेऊन देते!” दोन दिवस तिने ती नुसती ऐकलीच, आणि मग कॅसेट खिडकीत विसरली. उन्हाने तिचा पार पापड झाला.

खरं सांगायचं सोडून बाईसाहेबांनी काय करावं? जुन्या गेमच्या चिपची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि तोंडपाठ झालेली धून एकेक सूर जुळवत पुन्हा रचली. कॅसेटच्या शेवटी एक बाई ओरडायची, “एवारिस्तो! बंद कर ते आणि जेवायला ये!” तो फालतू आवाज समजून तिने सोडूनच दिला.

आजोबांनी धून ऐकली आणि मान तिरकी केली. “सूर माझेच आहेत. पण आवाज माझा नाही वाटत.” मग स्वतःशीच हसले. “कान गेले गं पोरी. कानांशिवाय रेडिओ कसले दुरुस्त करणार?” दुसऱ्याच दिवशी दुकानावर पाटी लागली: ‘महिनाअखेरीस दुकान कायमचं बंद’.

ती पाटी पाहून लुदमिलाला राहवेना. शेवटी तिने दोघांना सगळं सांगून टाकलं.

“तुझं सॉफ्टवेअर कुठल्या यंत्राची नक्कल करतं?” सिरोने विचारलं.

“अस्सल जपानी.”

“अस्सल? आपल्याकडे अस्सल होतं कुणाकडे? बाबांकडे ‘फॅमिली’ नावाचं यंत्र होतं, काकांकडेही तेच. सगळी नकली!”

आजोबांनी आपलं फॅमिली क्लबला देऊन टाकलं होतं. मागायला जावं तर खोटं उघडं पडणार, आणि आज चार वाजता भंगारवाला क्लबची सगळी अडगळ नेणार होता!

“सापडलं!” होआकिनाने खोक्यांखालून यंत्र ओढलं. लुदमिलाने ते कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीला जोडलं. गेमचं संगीत सुरू झालं. तिने त्याच गेमचं संगीत फोनवर सॉफ्टवेअरमधून लावलं. सूर अगदी तेच! पण फोनवर नाकात बोलणारा सूर यंत्रावर भरदार होता आणि भरदार सूर नाकात बोलत होता.

“नकली चिपमध्ये आवाजांची अदलाबदल झालीय!” होआकिना उडालीच. “म्हणजे आजोबांचे कान...”

“ठणठणीत आहेत,” लुदमिला म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. उलट स्वतःची जास्तच लाज वाटली.

“कोण आहे रे?” दारात क्लबचे अध्यक्ष बेर्मूदेस डोळे चोळत उभे!

“साहेब, क्लबला सत्तावन्न वर्षं झाली ना?” सिरोने भोळेपणाने विचारलं.

“पंचाहत्तर, गाढवा!”

“मग बाहेरच्या फलकावर सत्तावन्न का लिहिलंय?”

अध्यक्ष सपाता फटफटवत बाहेर धावले. फलकावर खरंच ५७ होतं! तोवर यंत्रासकट तिघं खिडकीतून पसार!

लुदमिलाने घरी ते दोन आवाज उलटसुलट केले. आता धून तंतोतंत जमली. “खरं सांगणार आहेस ना?” आजोबांकडे जाताना वाटेत होआकिनाने विचारलं. “हो तर!” असं म्हणाली खरी, पण आजोबांसमोर जीभ वळली ती भलतीकडेच. “आजोबा, आधीची फाईल बिघडली होती.”

आजोबांनी ऐकलं. “हाच! हाच तो आवाज!” त्यांचे डोळे लकाकले. धून संपली तरी ते बोट वर करून थांबून राहिले.

“आणि आई?” त्यांनी विचारलं.

लुदमिलाला रडूच कोसळलं. हुंदके देत तिने सगळं सांगितलं: ऊन, कॅसेट, खोटेपणा, सोडून दिलेली ती हाक. आजोबांच्या हातातला ‘माते’ नावाचा कडू चहा गार होऊन गेला.

“आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं,” ते शेवटी म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, “आणि ही सगळी धून तू नुसत्या कानांनी उचललीस?”

“हो.”

“मग माझ्या दुकानाला असे कान हवेत. रोज दुपारी यायचं. आणि ती पाटी काढ आधी!”

रविवारी क्लब गच्च भरला. “या पोरांनी यंत्र वाचवलं, आणि फलकावरची चूक दाखवून माझी अब्रूसुद्धा!” अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या, पण लुदमिलाची मान वर होईना. धून वाजली, संपली. तेव्हा आजोबांनी माईक तिच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले.

“तू ऐकली आहेस ना ती हाक? मग दे. जोरात, ती द्यायची तशी!”

लुदमिलाने माईक तोंडाशी धरला. “एवारिस्तो! बंद कर ते आणि जेवायला ये!”

“आलो गं, आलो!” आजोबा खुर्चीवरून उठत म्हणाले.