बाहेरून घातलेली कडी

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळपासून धुकं, दुपारी दोनलाही दिवे लावावे लागले.

इस्पितळात दुभाष्याचं काम करून तिला एकोणीस वर्षं झाली होती. कामाचे नियम दोन. रुग्ण ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि नातेवाइकासाठी बसायचं नाही. आज ती दोन्ही मोडणार होती. मनोरुग्णांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर तिची आई होती. आडनावं वेगळी, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांची खात्री पटली तर आई घरी येणार. नाहीतर कायमची दूरच्या आश्रमात, जिथे तिची भाषा कळणारं कुणी नाही.

“घरी कोण असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

तिने ते आईला सांगितलं. आईने परक्यासारखं पाहिलं.

“अहो बाई, या मोठ्या दातांच्या डॉक्टरला सांगा, कुणी नसतं. एक मुलगी होती. ती या देशात आलीच नाही.”

आईच्या तोंडून ‘अहो’! डॉक्टरांना मात्र ती म्हणाली, “मी मुलीकडे राहते. ती माझं सगळं करते.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. भिंतीतल्या कपाटात काहीतरी वाजलं. टक... टक...

“निघायच्या दिवशी ती रुसून मागच्या खोलीत बसली,” आई हळूच म्हणाली. “मी रागाने बाहेरून कडी घातली. सामानाच्या गडबडीत विसरले... गाडीत बघते तर ही दुसरीच. अंगावर माझ्या मुलीचा फ्रॉक. गुणाची निघाली हो, पण माझी नव्हे.”

या देशात आली तेव्हा ती स्वतः सात वर्षांची होती. त्या गाडीच्या आधीचं तिला कधीच काही आठवलं नव्हतं.

“मी बरी आहे,” ती डॉक्टरांना म्हणाली. “मला घरी जायचंय.”

टक, टक, टक. बंद खोलीचा कुबट वास आला.

“आई, पाया पडते तुझ्या... नीट बोल गं. तिकडे टाकतील तुला.”

“तुम्ही कशाला रडता? ती आली की जाईन मी.”

“मुलीला ओळखाल का?” डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न.

“न ओळखायला काय झालं? हनुवटीवर खोक पडली होती तिच्या.”

तिचा हात आपल्या हनुवटीवर गेला. गुळगुळीत. ‘ओळखते’ एवढंच डॉक्टरांना सांगायचं होतं. तोंड उघडलं तर आईचीच भाषा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. डॉक्टर वाकून काही विचारत होते. चाळीस वर्षं बोललेली त्यांची भाषा, आणि आता पत्र्यावर खडे पडावेत तसे नुसते आवाज.

कपाटाचं दार उघडलं. तिच्याच वयाची बाई बाहेर आली. केसांत धूळ, हनुवटीवर जुना व्रण. ती डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत भरभर बोलली. डॉक्टर हसले.

आई टुणकन उठली. “आलीस गं बाये! किती तो उशीर?”

“कडी तूच घातलीस, आणि वर मलाच विचारतेस!”

दोघी हातात हात घालून गेल्या. तिने हाक मारली, “आई...” आईने वळून पाहिलं नाही.

पावणेपाचला आईला घरी सोडल्याची नोंद झाली, सोबत मुलगी. सहा वाजता परिचारिका चादरी काढायला गेली, तेव्हा कपाटाला बाहेरून कडी होती. आत सापडलेल्या स्त्रीला सात नंबरच्या खाटेवर दाखल केलं. वय सत्तेचाळीस. बोलणं कुणाला कळत नाही. दुभाषा मागवला आहे.