एक्कावन्न किलोंचा खड्डा

"परत खड्डा!" अश्लेषा खाडेनं पॅडलवरचा पाय काढला आणि वैतागून स्टिअरिंगवर थाप मारली. गाडी रोलरवर बांधलेली होती. पडद्यावर इंजिनाच्या ताकदीचा आलेख झकास चढत गेला होता आणि मिनिटाला बेचाळीसशे फेऱ्यांवर भसकन खाली बसला होता.

चार वाजता शर्यतीच्या संघाची निवड चाचणी. बारा तर इथंच वाजले. आज नाव लागलं नाही, तर पुढच्या मोसमात संघ तिला गाडीच देणार नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मुख्तार जमादार, सगळ्यांचे उस्ताद, हेडरवर वाकले. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या. संथ इंजिनाला लांब नळी मानवते, पळत्या इंजिनाला आखूड. मधे कुठंतरी मार बसायचाच. उस्तादांच्या ह्या नव्या नळ्या मात्र आठवण ठेवणाऱ्या धातूच्या होत्या. शिकवाल तसं शिकून त्या धावता धावता आपली लांबी बदलायच्या. मग खड्डा आला कुठून?

"सरक बघू." उस्ताद स्वतः बसले, दणकून पॅडल दाबलं. आलेख सरळ वर गेला.

"म्हणजे ह्या नळ्या माझ्यावरच खार खाऊन आहेत!"

"धातूला कसली गं खार?" ते म्हणाले खरे, पण त्यांचंही डोकं चालेना. तेच इंजिन, तेच पेट्रोल. ती दमून शेजारच्या सीटवर बसली. उस्तादांनी पुन्हा दाबलं. खड्डा!

"आयला! आता तर मीच दाबतोय की!"

 मग उस्तादांची नजर दोन्ही सीटांखालच्या वजनकाट्यांवर गेली. कुणाचं किती वजन आहे, ते नळ्यांना शिकवणाऱ्या संगणकाला, त्यांच्या मेंदूला, त्या काट्यांवरून कळायचं. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत ठासायची वाळू कोपऱ्यात पडली होती. त्यांनी एक्कावन्न किलो भरली, बरोबर अश्लेषाएवढी, आणि पोतं तिच्या जागी पट्ट्यानं आवळलं. पॅडल दाबलं. खड्डा पडला.

उस्ताद स्टुलावर बसले. नवा हेडर बसवला की गाडी पहिले शंभर किलोमीटर आपण हाकायची, ड्रायव्हरला शेजारी बसवून, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत.

"तू शेजारी असलीस की त्या वेगाला माझा पाय ढिला पडत असणार. नळ्यांनी तेच पाठ केलं. मला पत्ताच नाही, पोरी. भीत होतो की मी."

"संघातल्या सूरजलाही शेजारी बसवलं होतंत. त्याच्या हेडरमधे आहे खड्डा?"

"नाही."

अश्लेषाला संताप आला, आणि लगेच ओसरलाही. तिसऱ्या वळणावर, बरोबर ह्याच वेगाला, ती सरावात दोनदा घसरली होती. वाचली होती थोडक्यात. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, उस्तादांनासुद्धा नाही.

"तुझ्या वजनाची आठवण तेवढी पुसता येते," उस्ताद हळूच म्हणाले. "पुसू?"

त्यांनी पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला. तिनं तो बाजूला केला आणि स्वतःचं बोट तिथं ठेवलं.

"पुसते मी. पण उस्ताद, खरं सांगा. तुमचा पाय मी मुलगी म्हणून भ्यायला होता, की त्याला माझ्याबद्दल काही कळलं होतं?"