चाचणीसाठी राखलेलं एकवीस नंबर

त्या शुक्रवारचं काम अगदी साधं होतं. हँगरमधल्या एकवीस नंबरच्या लढाऊ विमानात बसून मीटरवरचे उड्डाणाचे तास वाचायचे, बॅटरी काढायची आणि विमान आता पूर्ण निर्जीव आहे, अशी सही करून द्यायची. सोमवारी कॅनबेराहून साहेब लोक येणार होते. विमान कापून भंगारात घालायचं की ठेवायचं, ते ठरवायला.

मी केरिन शिर्मर. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या हवाई तळावर विमानांच्या वायरिंगची कामं करायचे. बरोबर बेव्हन नॉस्के होता. वय एकसष्ट, निवृत्तीला चार महिने, आणि तोंड सतत चालू.

एकवीस नंबरची गोष्ट तळावर सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी ती मोठ्याने सांगत नसे. नऊ वर्षांपूर्वी रोवन टीग नावाचा पायलट हे विमान चाचणीला घेऊन गेला. अडतीस हजार फुटांवर त्याचा ऑक्सिजन बंद पडला. विमान मात्र परत आलं. नीट धावपट्टीवर उतरलं. चाकं टेकेपर्यंत रोवन रेडिओवर उत्तरं देत होता. काचेचं झाकण उघडलं, तेव्हा आत प्रेत होतं. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन पाऊण तास तरी झालाय.

मग उत्तरं कोण देत होतं? विमान कोणी उतरवलं? शोधून शोधून सगळे थकले. विमान मोडलं नाही, पुन्हा उडवलंही नाही. इंजिनं काढली आणि पुढे पाटी लावली, ‘चाचणीसाठी राखीव’.

त्या सकाळी रोवनच्या मास्कची नळी बेव्हननेच जोडली होती. चौकशीत त्याचा दोष निघाला नाही. पण बेव्हन पुन्हा कधी त्या विमानाजवळ गेला नव्हता.

“वर मी चढतो,” तो त्या दुपारी एकदम म्हणाला.

“गुडघ्यांचं काय, म्हाताऱ्या?”

“गुडघे माझे दुखतात, तू का कण्हतेस? शिडी धर.”

तो आत बसला. दोन वाजले होते. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आणि पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत सरकत येत होती. बघता बघता ती हँगरवर आदळली. पत्रे थडथडू लागले. दाराच्या फटींतून धूळ आत घुसली आणि भर दुपारी हँगरमध्ये तांबडा अंधार दाटला. रॉकेल, तापलेलं रबर आणि माती, सगळ्याचा मिळून एक जुनाट वास नाकात बसला.

“झाकण लाव गं पोरी,” बेव्हन वरून ओरडला. “डोळ्यांत जातंय सगळं. पाच मिनिटांचं काम आहे.”

मी बाहेरचं हँडल फिरवून झाकण बंद केलं. मीच केलं. खाली येऊन हेडसेट लावला, त्याची वायर विमानाच्या पोटाशी जोडली.

“ऐकू येतंय?”

“येतंय.” मग बराच वेळ त्याचा श्वास. “पोरी, इथे अजून पेपरमिंटचा वास येतो. गोळ्या चघळायचा तो.”

“बेव्हन, बाहेर ये. तास मी वाचते.”

“थांब जरा. ती नळी बघू दे. नऊ वर्षं झाली... एकदा माझ्या हाताने बघू दे.”

त्यानंतर तो गप्प झाला. धुळीने माझी टॉर्चही लाल दिसत होती. वर काचेमागे काही दिसेना.

“बेव्हन?”

“ऐकतोय.”

“तास किती?”

“दोन हजार एकशे चार.”

मी लिहून घेतलं. “आता बॅटरी काढते. आवाज बंद होईल. झालं की काचेवर टकटक कर.”

“काढ.”

विमानाच्या नाकाजवळचं दार उघडून मी वायरी सोडवल्या. बॅटरी दोन्ही हातांनी उचलून खाली जमिनीवर ठेवली. हेडसेट काढायला हात वर नेला...

“सगळं ठीक आहे. खाली येतोय.”

मी तशीच वाकलेली राहिले. बॅटरी माझ्या पायाशी होती. त्या विमानात आता वीज नव्हती.

“बेव्हन...?”

“ऐकतोय. उंची अडतीस हजार.”

हा बेव्हनचा आवाज नव्हता. आवाज तरुण होता, शांत होता. आणि आता माझ्या ध्यानात आलं. तास सांगितले, तेही यानेच. त्या क्षणापासून एकदाही मला कुणी ‘पोरी’ म्हटलं नव्हतं.

खरं सांगते, मी दाराकडे पळाले. दहा पावलं पळालेही. मग आठवलं, झाकण मी लावलंय.

परत फिरले. शिडी चढले. हँडल फिरेना. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा कुठे ते हललं. हेडसेटची वायर केव्हाच उपटली गेली होती, तिचं टोक माझ्या कमरेशी झुलत होतं. तरी कानात आवाज येतच होता.

“घाई नको... आता उतरवतोच.”

मी हेडसेट ओरबाडून फेकून दिला.

झाकण उघडलं. बेव्हन मान टाकून बसला होता. ओठ निळे, नळी दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. मी त्याचे पट्टे कापले, गालावर मारलं, नाव घेऊन किंचाळले. कितीतरी वेळाने त्याच्या छातीतून घरघर आली. वादळ ओसरल्यावर त्याला पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात नेलं. मी सही केली नाही. वादळात हेडसेटमध्ये काहीबाही ऐकू येतंच, असं म्हणून आमच्या साहेबांनी दुसऱ्याची सही घेतली.

मंगळवारी मी त्याला भेटायला गेले. दोन्ही हातांना जाड पट्ट्या होत्या. कानांत कापूस होता, ओरडूनच बोलावं लागत होतं.

“काय ठरलं?” त्याने विचारलं.

“कापणार नाहीत. नवीन इंजिनं बसवणार. माणसाशिवाय उडवायच्या चाचण्यांना ठेवायचंय.”

“माणसाशिवाय,” तो म्हणाला. “त्यासाठी चाचणी कशाला हवी?”

मग त्याचे डोळे भरले. “त्याने मला सांगितलं, केरिन. नळी बरोबर जोडली होतीस म्हणाला. तुझी चूक नव्हती म्हणाला... मी म्हटलं, मग मला जाऊ दे. तर म्हणतो, आधी उतरू तर दे.”

मला तिथे बसवेना. बाहेर आले, तर डॉक्टरीणबाई माझीच वाट बघत होत्या.

“उन्हाने बेशुद्ध पडला असं तुमच्या तळावरून लिहून आलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण त्याच्या हातांची आठ बोटं बर्फाने जळल्यासारखी काळी पडलीत. कानांचे दोन्ही पडदे फाटलेत. खरं सांगा मला... हा माणूस किती उंचावरून खाली आलाय?”