सकाळच्या खेळातली पाठमोरी

सीताबर्डीवरच्या टॉकीजमध्ये लेडीज क्लासच्या दाराशी प्रयागबाई तिकिटं फाडायची. घरून तुळशीला पाणी घालून, पोथीचा अध्याय वाचून, महाल भागातून पायी यायची. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ. बायका मोजक्याच, म्हणून दारावरचा पडदा जरा सारून तीही पाहायची. इंग्रजीचा गंध नव्हता. पण एका गोऱ्या नटीला ती घरच्या माणसासारखी ओळखायची. नागपुरात तिचे चित्रपट यायचे उशिरा, तेही उलटसुलट. आज विधवा राणी दिसायची, तर पुढच्या महिन्यात कोवळी मोलकरीण.

अडुसष्ट साली तिचा शेवटचा चित्रपट लागला.

"अर्ध्यातच वारली बिचारी," ऑपरेटर वामनराव म्हणाले. "शेवटी खिडकीशी बसली ना, ते दुसरीच बाई हाय. पाठमोरी बसवून काम भागवलं लेकाच्यांनी."

प्रयागबाईने ती पाठ पाहिली खरी, पण चित्त घरी होतं. तिची एकुलती एक मुलगी गोपिका टायफाइडने खाटेला खिळली होती.

पुढच्या रविवारी खिडकीतल्या बाईचा कान दिसला.

"नवी प्रिंट आणली का गा भाऊ?"

"डबा तोच, रीळ तेच. काहून?"

"काही नाही."

घरी गोपिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली तरी वळेना.

त्याच्या पुढच्या रविवारी गाल दिसला. सावळा. डोळ्याखाली देवीचे व्रण, गोपिकेच्या गालावर होते अगदी तसेच. हॉलमध्ये लोक शेंगा फोडत होते. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांनी हात टेकले. देवापुढे बसली की प्रयागबाईला खिडकीच दिसे. ती बाई तिथे पुरती वळली की इकडे पोर उरणार नाही, एवढं तिला कळून चुकलं होतं.

नंतरच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी ती ऑपरेटरच्या खोलीत चढली.

"भाऊ, तेवढा खिडकीचा तुकडा कापून टाका."

"नोकरी घालवता का माही, बाई?"

"माही पोर जाऊन राहिली, भाऊ."

तिची समजूत घालायला वामनरावांनी ती फिल्म दिव्यासमोर धरली. बराच वेळ पाहिली. मग ब्लेड उचललं.

"काय दिसलं?"

"खाली जा, बाई."

त्या दिवशी चित्रपट खिडकीआधीच तुटला. शिट्या वाजल्या. कोणीतरी ओरडलं, "पैसे वापस!" प्रयागबाई तोवर रस्त्याला लागली होती.

दारातच शेजारच्या कौसल्येचं हसणं ऐकू आलं.

"ये वं, ये. घाम येऊन ताप उतरला पाहाय. पेज मागून राहिली तुही पोरगी."

खाटेवर गोपिका उठून बसली होती. प्रयागबाईला तिची पाठ दिसली. वेणी दिसली.

"गोपे, इकडे पाहाय."

"तुह्याकडेच तर पाहून राहिली, आई."

प्रयागबाई खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली.

तिथूनही पाठच. वेणीच.

"अशी काय करतं वं?" कौसल्या म्हणाली. "चेहरा पाहाय कसा टवटवीत दिसून राहिला."

प्रयागबाई हळूच कौसल्येला खेटून उभी राहिली.

कौसल्येने पेजेचा चमचा भरला, त्या काळ्या केसांपाशी नेला, आणि रिकामा परत आणला.