विंझरच्या भिंतीवरचं शहाण्णव साल

शिडीवरचा मुलगा रंगवत होता आणि मी खालून वाचत होते.

"१९९४ – सहभाग. १९९५ – सहभाग. १९९७ – सहभाग..." मी थांबले. "मधलं एक साल गळलंय तुमचं."

त्याने मान वळवली. गालावर निळ्या रंगाचा ठिपका, हातात ब्रश. "मंडळानं दिलंय तेवढंच लिवतोय, मॅडम."

"मॅडम नाही, सुलक्षणा. इथलीच आहे मी."

"म्या इंद्रजित. भोरचा. बरं, काय झालतं शहाण्णव साली?"

"विंझरने राष्ट्रीय ग्रामीण चषक जिंकला होता."

"आन ते लिवायचं न्हाई?"

"बायकांनी जिंकला होता."

तो शिडीवरून खाली उतरला.

ती व्हॉलीबॉल स्पर्धा बंद पडून आता वीसेक वर्षं झाली. देशभरातल्या खेड्यांतून संघ यायचे, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. मैदानालगतच्या भिंतीवर गावचं क्रीडा मंडळ तिचा इतिहास लिहून घेत होतं. रविवारी उद्घाटन होतं. आमच्या पुरुषांनी तिथे एकही सामना जिंकला नाही. बायकांच्या संघाची कप्तान होती माझी आई, रतनबाई. पण मंडळाचे अध्यक्ष सावळारामअण्णा म्हणत, "बायका न विचारता गेल्या. तो चषक मंडळाचा न्हाई." आणि आई गप्प बसायची.

मी फिजिक्स शिकले आहे. नोंद गाळलेली मला सहन होत नाही... म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी मात्र काय कारण होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

भुरभुर आली की मी छत्री उघडायचे – ओल्या अक्षरांवर. त्याच्यावर नाही.

"म्या भिजलो तर चालतंय व्हय?"

"तू पुसला जाणार नाहीस."

"केवढी खात्री..." तो म्हणाला आणि हसला. मी घाईने वेल्ह्याच्या रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर काहीच नव्हतं.

"पण जिंकल्या कशा त्या?"

"चुकून. पुरुषांचं नेट वीतभर उंच असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मैदानात जे बांधलेलं असायचं, त्यावरच वर्षभर खेळल्या. स्पर्धेला गेल्यावर आई पंचांना म्हणाली, नेट खाली आलंय, वर ताणा."

"मग?"

"पंच म्हणाले, तेवढंच असतं. मग..." मी उडी मारून हवेत हात आपटला. इंद्रजित त्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"लिवलं तर ह्या गावात मला परत काम न्हाई मिळायचं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून मी लिही म्हणत नाही."

"मग काय म्हणतीस?"

"काही नाही. छत्री धरते."

त्याने निळा डबा बंद केला. लाल उघडला.

रविवारी आई आली, पदर खोचून. सोबत बनाबाई आणि जुन्या संघातल्या आणखी चौघी. मैदानावरची पोरं नेट खाली घेऊ लागली, तशी आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमाला हेच ठावं हाय."

बनाबाईंनी चेंडू उचलून दिला. आईने मारलेला स्मॅश पलीकडच्या पोरांमधून थेट मातीत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात अण्णांची नजर भिंतीवर गेली – '१९९६ – विजेते. महिला संघ, विंझर.'

"पूस ते."

इंद्रजितने पांढऱ्या रंगात बुडवलेला ब्रश त्यांच्यापुढे धरला. "तुमी पुसा अण्णा. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

खेळ थांबला. सहा बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. अण्णांनी ब्रश घेतला, भिंतीपाशी गेले... आणि तिथंच उभे राहिले. पांढरे थेंब त्यांच्या चपलेवर पडत होते.

"पुसा की," आई म्हणाली. "उद्या परत लिवू आमी. परवा पण."

मग अण्णांनी ब्रश डब्यात टाकला. "पाच नंबरचा शर्ट माझा नेलावता रतननं त्या स्पर्धेला. अजून दिला न्हाई. त्यो शर्ट कुणाचा व्हता, तेवढं तरी लिव्ह खाली."

बायका फिदीफिदी हसल्या. अण्णांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं. ते इंद्रजितकडे वळले. "आन एवढा जीव कशापायी टाकलास रं? ही पोरगी कोण लागती तुझी?"

इंद्रजितचे कान लाल झाले.

"अजून कुणी नाही, अण्णा," मी म्हणाले. "आज संध्याकाळी विचारणार होते त्याला. आता इथंच विचारते. इंद्रजित... होशील माझा?"

तो ओठातल्या ओठात म्हणाला, "व्हय."

नेटच्या पलीकडून आई ओरडली, "जरा मोठ्यानं बोल, बाबा. हितवर आलं न्हाई."