भज्यांच्या कागदावरचं पत्र

रसिकाने शेवटचं भजं तोंडात टाकलं आणि हातातल्या तेलकट कागदाकडे बघून ती चावायचीच थांबली.

"हे अक्षर माझं आहे."

"मग? तुझं अक्षर भजी गुंडाळायच्याच लायकीचं आहे," हर्षित म्हणाला.

"अरे, हे तुझ्या सगुणाआजीचं पत्र आहे. सरकारला लिहिलेलं."

हर्षितचं हसू मावळलं. हवा तापवणारा धूर राज्यात कसा कमी करावा, यावर सरकारने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत रसिका, तिचा धाकटा भाऊ आर्यन आणि हर्षित बाळकुमच्या आपल्या सोसायटीत दारोदार फिरले होते. कुणी विजेवर चालणाऱ्या एसटी मागितल्या, कुणी कचरा जाळणं थांबवा म्हटलं. मिठागरात जन्म काढलेल्या सगुणाआजीने सांगितलं, ते रसिकाने लिहून घेतलं होतं: 'आमचे येली पाऊस कवा परल त्या ठाव होता. आता पावसाला पन ठाव नाय. मीठ पिकाचा कसा?'

अशी दोनशे चौदा पत्रं. सेक्रेटरी त्र्यंबककाकांनी गठ्ठा स्वतःहून मागून घेतला होता. "मंत्रालयात आपली ओळख आहे," असं म्हणून. आणि मुदत उद्या संपत होती.

तिघं थेट काकांकडे गेले.

"पत्रं? परवाच दिली," काका म्हणाले. "साहेबांनी स्वतः चहा पाजला. वर बिस्किटं."

"कुठली?" आर्यनने विचारलं.

"अं... गोल."

रसिकाने पाठीमागे धरलेल्या कागदाचं तेल बोटांना लागत होतं. तिला इतका राग आला की कान गरम झाले. पण आत्ता भांडलो तर काका सबबी सांगत बसतील आणि दिवस जाईल, हे तिला कळत होतं. ती नुसतं "थँक्यू काका" म्हणाली.

भजीवाल्या विमलाबाईंनी रद्दीवाल्या नाथाकडे बोट दाखवलं. नाथाच्या दुकानात जुन्या पेपरांच्या ढिगाखाली गठ्ठा सापडला. वरचंच एक पत्र तेवढं भज्यांना गेलं होतं.

"त्र्यंबकशेठच्या रद्दीत आलेला," नाथा म्हणाला. "पण असाच नाय देणार. तेवढ्याच वजनाचा कागद आणा."

आर्यनने राज्यासाठी आपल्या गणिताच्या सगळ्या वह्या हसतहसत दिल्या.

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत माणसं जमल्यावर रसिका उठून उभी राहिली. "त्र्यंबककाकांची साहेबांशी एवढी ओळख आहे, म्हणून उद्या ते आम्हाला साहेबांच्या भेटीला मंत्रालयात नेणार आहेत."

टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा पडला. "उद्या मला जरा..."

"चहा नको काका, नुसतं भेटू," आर्यन म्हणाला. आता नाही कसं म्हणणार?

सकाळी गेटपाशी काका डोकं दुखण्याच्या तयारीनेच आले. रसिकाने गठ्ठा त्यांच्या हातात दिला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"पेपरांच्या ढिगावर ठेवला होता," ते हळूच म्हणाले. "विसरलो. मग सांगायची लाज वाटली गं." गठ्ठा काखोटीला मारून म्हणाले, "चला, उशीर नको."

मंत्रालयात खिडकीमागे ऋजुता नावाच्या बाई होत्या. मोजतामोजता त्या थांबल्या. "याला कांद्याचा वास येतोय."

"ती माझी चूक आहे, मॅडम," काका म्हणाले.

बाईंनी पत्र वाचलं. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचून दाखवलं. मग गठ्ठ्यातलं ते पत्र सगळ्यांत वर ठेवून त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला.

त्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, गोल बिस्किटांसकट. "मोठेपणा मी घेतला होता, काम या पोरांनी केलं," असं म्हणून त्यांनी पोचपावती रसिकाच्या हातात दिली.

सगुणाआजीने ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाणी गो माजी पोर. आता उत्तर कवा येल?"

"माहीत नाही, आजी."

"नाय आला तं दुसरा लिव," आजी म्हणाली आणि मांडी घालून बसली. "घे कागद. मना अजून लय सांगाचा हाय."